घंटी वाजली आणि मी डावीकडे सरकलो



जुलै महिना होता. आपल्या बेटावर तेव्हा हिवाळा. शेतांतून ऊसतोडणी चालू असते आणि क्यूरपिपला सकाळी स्वेटरशिवाय बाहेर पडवत नाही. मी मात्र त्या वेळी कॅनडाच्या राजधानीत, ओटावा शहरात, भर उन्हाळ्यात लेकीच्या घरी पाहुणा म्हणून राहिलो होतो. तिकडे उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. लेक-जावई कामावर गेले की मी आणि माझा आठ वर्षांचा नातू फिरायला निघत असू. आमची ठरलेली वाट म्हणजे रिडो कालव्याचा काठ.

हा कालवा पाहण्यासारखा आहे. कर्नल जॉन बाय या इंग्रज लष्करी अभियंत्याच्या देखरेखीखाली तो १८२६ ते १८३२ या काळात खोदला गेला. ओटावापासून किंग्स्टनपर्यंत त्याची लांबी २०२ किलोमीटर आहे. २००७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. हिवाळ्यात पाणी गोठले की शहरातले लोक त्याच्यावर घसरपट्टीचे बूट घालून फिरतात. उन्हाळ्यात दोन्ही काठांवरच्या डांबरी वाटा माणसांनी फुलून जातात. कोणी चालत असतो, कोणी धावत असतो, कोणी बाळाची गाडी ढकलत असतो, कोणी कुत्र्याला फिरवीत असतो, आणि या सर्वांमधून सायकलस्वार जात असतात. वाट एकच, मधोमध फक्त एक पिवळी रेघ.

अशाच एका सकाळी मागून घंटी वाजली. ट्रिंग!

मी काय केले असेल? आपल्यापैकी कोणीही जे केले असते तेच केले. सदुसष्ट वर्षे अंगात मुरलेली सवय! मॉरिशसमध्ये रस्त्याची आपली बाजू डावी. लहानपणी शाळेत जाताना मागून बिसिक्लेतची घंटी ऐकू आली की डावीकडे सरायचे, हे आईने शिकवले होते. म्हणून मी चटकन डावीकडे सरकलो.

आणि नेमकी त्याच क्षणी ती सायकल माझ्या डाव्या बाजूने पुढे जात होती.

कॅनडात रस्त्याची बाजू उजवी. चालणाऱ्याने उजवीकडे राहायचे, आणि मागून येणाऱ्याने डावीकडून पुढे जायचे. मी तिच्या वाटेत पाऊल टाकले. तिने करकचून ब्रेक दाबला, हँडल वळवले आणि सायकलसकट ती बाजूच्या गवतात कोसळली. वीस-बावीस वर्षांची विद्यार्थिनी असावी. गुडघा सोलवटला होता, सायकलची साखळी निसटली होती. मला साधे खरचटलेही नव्हते. पण माझा नातू माझ्या डाव्या हाताला चालत होता. मी सरकलो तेव्हा तो माझ्या धक्क्याने आणखी पलीकडे ढकलला गेला होता. चाक त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावरून गेले. ती वीत मी आजही विसरलेलो नाही.

ती मुलगी उठली. स्वतःचा गुडघा न पाहता तिने आधी मला फ्रेंचमध्ये विचारले, "तुम्हाला लागलं नाही ना? आणि मुलाला?" मी ओशाळून म्हणालो, "चूक माझी. मी भलत्या बाजूला सरकलो." त्यावर ती म्हणाली, "चूक माझीही आहे. मी घंटी फार जवळ येऊन वाजवली. वेग कमी करायला हवा होता." साखळी बसवून ती काही अंतर सायकल हातात धरूनच चालत गेली. नातू रागावून मला म्हणाला, "आजोबा, आ द्रुआत! इथे उजवीकडे सरायचं असतं!"

आम्ही बाकावर बसलो. माझे हात थरथरत होते. मनात एकच प्रश्न आला. दोघांपैकी कोणीही वाईट माणूस नव्हता, कोणी बेपर्वा नव्हता. मग एका मुलाच्या पायावरून चाक जाण्याची वेळ का आली? पुढचे पाच आठवडे मी या प्रश्नाचा माग काढला. फलक वाचले, लोकांना विचारले, वाटेच्या कडेला बसून तासन् तास निरीक्षण केले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. आपल्या किती तरी घरांतली मुले आज माँट्रियल, टोरांटो, ओटावा येथे राहतात. आजी-आजोबा त्यांच्याकडे जातात आणि नातवंडांना घेऊन याच वाटांवर फिरतात. ही माहिती त्यांच्या उपयोगी पडावी.

डावे आणि उजवे

पहिली गोष्ट बाजूची. आपल्याकडे इंग्रज १८१० मध्ये आले आणि डावीकडून चालण्याची त्यांची रीत स्वातंत्र्यानंतरही टिकली. कॅनडावरही इंग्रजांचे राज्य होते, पण तिथे अखेर उजवी बाजू रूढ झाली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९२० च्या आसपासपर्यंत वाहने डावीकडून चालत. न्यूफाउंडलंड हेही आपल्यासारखे बेट. तिथे तर १९४७ सालापर्यंत डावी बाजू होती, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी ते कॅनडात सामील झाले. म्हणजे त्या बेटावरच्या लोकांनाही एका दिवसात आयुष्याची सवय बदलावी लागली होती. हे वाचून मला थोडा धीर आला.

सवय बुद्धीत राहत नाही, ती पायात राहते. बुद्धीला नियम ठाऊक असला तरी घाबरलेला पाय जुन्याच बाजूला जातो. म्हणून आपल्या माणसांना माझे पहिले सांगणे असे: कॅनडात घंटी ऐकू आली तर घाबरून उडी मारू नका. आधीच उजव्या कडेने चालत असाल, तर काहीच करायची गरज नाही. सरळ चालत राहा. मागच्या सायकलस्वाराला तुम्ही कुठे जाणार हे कळले पाहिजे, एवढेच पुरे. अचानक केलेली हालचाल हीच धोक्याची. लहान मूल बरोबर असेल तर त्याला आपल्या उजव्या हाताला, म्हणजे गवताच्या बाजूला ठेवा. हे मला त्या दिवशी कोणी सांगितले असते तर किती बरे झाले असते!

वीस किलोमीटर म्हणजे किती?

ओटावा आणि नदीपलीकडच्या गातिनो भागात मिळून दोनशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या अशा सामाईक वाटा आहेत. राष्ट्रीय राजधानी आयोग त्यांची व्यवस्था पाहतो. नियम थोडके आणि सोपे आहेत. उजवीकडे राहा. डावीकडून पुढे जा. पुढे जाण्याआधी घंटी वाजवा किंवा तोंडाने सांगा. चालणाऱ्याला आधी वाट द्या. आणि वेग ताशी २० किलोमीटरांपेक्षा जास्त नको. टोरांटोच्या सामाईक वाटांवरही हीच २० ची मर्यादा आहे.

हा आकडा पाहून मला प्रथम वाटले, सायकलला कसली आली वेगमर्यादा? मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. चालणारा माणूस सेकंदाला जेमतेम दीड मीटर जातो. ताशी २० च्या वेगाची सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते, आणि ताशी ३० ची आठ मीटरांहून जास्त. समजा सायकलस्वाराने दहा मीटरांवरून घंटी वाजवली. तो २० ने येत असेल तर पुढे चालणाऱ्याला सुमारे अडीच सेकंद मिळतात. ३० ने येत असेल तर दीड सेकंदही मिळत नाही. तेवढ्या वेळात ऐकायचे, समजायचे, कोणती बाजू ते ठरवायचे आणि पाऊल टाकायचे! तरुणाला हे जमेल. कमी ऐकू येणाऱ्या आजीला कसे जमणार?

आणखी एक गोष्ट. वेग दीडपट झाला तर टकरीचा जोर दीडपट होत नाही, तो सव्वादोनपट होतो. ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून २० आणि ३० यांत फरक फक्त दहाचा आहे असे समजू नये. सोलवटलेला गुडघा आणि मोडलेले खुब्याचे हाड यांच्यातला तो फरक असू शकतो. आणि म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले म्हणजे काय होते हे आपल्यापैकी पुष्कळांनी घरी पाहिले आहे.

महाराष्ट्रात घाटरस्त्यांवर एक जुना फलक दिसतो: अति घाई संकटात नेई. तो मोटारगाड्यांसाठी लिहिलेला आहे, पण दोन चाकांना आणि दोन पायांनाही लागू पडतो.

घंटी म्हणजे हुकूम नव्हे

बाकावर बसून मी सायकलस्वारांचे तीन प्रकार पाहिले. काही घंटी वाजवीतच नाहीत. वाऱ्यासारखे येतात आणि कानाजवळून निघून जातात. चालणाऱ्याला ते गेल्यावर कळते की कोणी तरी आले होते. दुसरे अगदी पाठीशी येऊन जोरात घंटी वाजवतात, जणू म्हणतात, 'बाजूला हो, मी आलो!' तिसऱ्या प्रकारचे लोक वीस-तीस मीटर लांबून एकदा हळूच घंटी वाजवतात, पेडल मारणे थांबवतात, पुढच्याने ऐकले की नाही ते पाहतात, आणि मगच हातभर अंतर ठेवून डावीकडून जातात. जाताना 'मेर्सी' किंवा 'थँक यू' म्हणतात. या तिसऱ्यांमुळे कोणीही दचकत नव्हते.

ओटावा ज्या ओंटारियो प्रांतात आहे तिथे सायकलला घंटी असणे कायद्यानेच आवश्यक आहे. पण कायदा घंटी बसवू शकतो, ती कशी वाजवावी हे मनानेच शिकावे लागते. दारात आलेला पाहुणा कडी वाजवतो आणि आतून 'या' ऐकेपर्यंत थांबतो. कडी वाजवली म्हणजे दार ढकलून आत शिरण्याचा हक्क मिळाला असे तो मानत नाही. सायकलच्या घंटीचेही तसेच आहे. ती विनंती आहे, हुकूम नव्हे. पुढच्याने वाट दिली नाही तर मागच्याने वेग कमी करायचा, वेळ पडली तर थांबायचे. त्याने ऐकले नसेल, तो बहिरा असेल, परदेशी पाहुणा असेल, किंवा विचारात असेल. यांपैकी कोणताही अपराध अंगावर सायकल घालण्याइतका मोठा नाही.

माँट्रियलचे सायकलवाले

एका रविवारी जावयाने आम्हाला माँट्रियलला नेले. ओटावाहून ते दोनशे किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. तिथे लाशीन कालवा आहे. तो १८२५ मध्ये खुला झाला आणि १९७० मध्ये जहाजांसाठी बंद झाला. २००२ पासून लहान होड्यांसाठी तो पुन्हा उघडला आहे. त्याच्या काठाने शहराच्या जुन्या बंदरापासून लाशीनपर्यंत सायकलींची सुरेख वाट जाते, आणि तीवर चालणारेही असतात.

आज माँट्रियलमध्ये सायकलींना जो मान आहे तो सहज मिळालेला नाही. तिथे १९७५ मध्ये 'ल मोंद आ बिसिक्लेत' नावाची संघटना स्थापन झाली. रॉबर्ट सिल्व्हरमन आणि क्लेअर मोरिसेत हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. शहरातल्या रस्त्यांवर तेव्हा मोटारींचेच राज्य होते. या मंडळींनी भररस्त्यात मेल्यासारखे निपचित पडून दाखवले, की पाहा, मोटारींखाली माणसे अशी मरतात. भुयारी रेल्वेत सायकल नेण्यास बंदी होती, म्हणून त्यांनी शिड्यांसारख्या अवजड वस्तू डब्यात नेऊन दाखवल्या आणि विचारले, हे चालते तर सायकल का नाही? सेंट लॉरेन्स नदी सायकलने ओलांडायला वाट नव्हती, तेव्हा सिल्व्हरमन बायबलमधल्या मोझेसचा वेष घालून नदीकाठी उभे राहिले आणि पाण्याला दुभंगण्याची आज्ञा केली! लोक हसले, पण मुद्दा लोकांच्या लक्षात राहिला. क्लेअर मोरिसेत २००७ मध्ये वारल्या. शहराच्या मध्यभागातल्या सायकलमार्गाला आज त्यांचे नाव आहे.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे. या लोकांनी मोटारवाल्यांना काय सांगितले? तुम्ही मोठे आहात, वेगवान आहात, लोखंडाच्या पेटीत सुरक्षित आहात. आमच्या अंगावर कातडीशिवाय काही नाही. म्हणून जास्त जबाबदारी तुमची. हे म्हणणे शंभर टक्के न्याय्य होते. ओंटारियोत तर २०१५ पासून कायदाच आहे की मोटारीने सायकलच्या जवळून जाताना शक्य तेथे किमान एक मीटर अंतर ठेवावे.

पण तोच सायकलस्वार मोठा रस्ता सोडून कालव्याकाठच्या सामाईक वाटेवर आला की चित्र उलटे होते. आता मोठा तो, वेगवान तो, आणि लोखंड त्याच्याकडे आहे. चालणारी आजी आणि धडपडणारे मूल यांच्या अंगावर कातडीशिवाय काही नाही. रस्त्यावर जो दुबळा, तोच इथे बलवान. मग मोटारवाल्याकडे मागितलेला एक मीटर त्याने पादचाऱ्याला द्यायला नको का? जी न्यायबुद्धी आपण वरच्याकडून मागतो, ती खालच्याला देताना हात आखडू नये. मला वाटते, सामाईक वाटेचा सगळा धर्म एवढ्या एका वाक्यात आला.

वाट बांधणाऱ्यांचेही काम

सगळा भार वागणुकीवर टाकूनही चालत नाही. वाट नीट बांधली नाही तर चांगल्या माणसांकडूनही अपघात होतात.

टोरांटोत ओंटारियो सरोवराच्या काठाने मार्टिन गुडमन ट्रेल नावाची वाट जाते. ती १९८४ मध्ये सुरू झाली. 'टोरांटो स्टार' वृत्तपत्राचे दिवंगत अध्यक्ष मार्टिन गुडमन यांचे नाव तिला दिले आहे. या वाटेचा काही भाग मोठ्या हमरस्त्याला अगदी खेटून जातो. २०१७ च्या मे महिन्यात तिथे पाच वर्षांचे एक मूल सायकल चालवीत असताना तोल जाऊन हमरस्त्यावर पडले आणि मोटारीखाली सापडून दगावले. वाट आणि रस्ता यांच्यामध्ये कठडा नव्हता. त्यानंतर कठडा बसवला गेला. एवढी साधी गोष्ट, पण ती होण्यासाठी एक जीव जावा लागला. म्हणून जिथे वाट मोटारींच्या जवळून जाते तिथे लहान मुलाला नेहमी आतल्या बाजूला ठेवावे आणि स्वतः रस्त्याच्या बाजूला राहावे, मग फलक काहीही सांगत असो.

याउलट व्हँकूव्हरचे उदाहरण पाहा. तिथे स्टॅन्ली पार्कभोवती समुद्राला लागून दगडी बंधारा आहे. त्याचे काम १९१७ मध्ये सुरू झाले आणि पुरे व्हायला १९७१ साल उजाडले. जेम्स कनिंगहॅम नावाच्या गवंड्याने आपल्या आयुष्याची कित्येक दशके त्यासाठी घालवली, पण १९६३ मध्ये तो वारला तेव्हा काम अजून चालूच होते. आज या सुमारे नऊ किलोमीटरच्या फेरीवर बहुतेक ठिकाणी दोन वेगळे पट्टे आहेत. पाण्याच्या बाजूला चालणारे, आतल्या बाजूला चाकांवरचे. सायकली एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट जातात. त्यामुळे समोरासमोर टक्कर होण्याचा प्रश्नच मिटतो. काही अडचणीच्या जागी सायकलवरून उतरून चालावे लागते. जिथे गर्दी फार तिथे चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट वेगळी करणे हाच खरा उपाय. जिथे जागा नाही तिथे मात्र सभ्यपणाशिवाय दुसरा कठडा नाही.

हेल्मेट, दिवा आणि नवी विजेची सायकल

हेल्मेटविषयी प्रत्येक प्रांताचा नियम वेगळा आहे. ब्रिटिश कोलंबियात १९९६ पासून लहान-मोठ्या सर्वांना ते सक्तीचे आहे. ओंटारियोत १९९५ पासून अठरा वर्षांखालच्यांना सक्तीचे आहे, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला आईबापांनी जाणूनबुजून हेल्मेटशिवाय सायकल चालवू दिली तर दंड आईबापांना होऊ शकतो. क्वेबेकमध्ये साध्या सायकलसाठी सर्वांना लागू असा प्रांतिक कायदा नाही. पण डोके सर्वत्र सारखेच असते. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटे असावे. मागे सरकवून टोपीसारखे घातले तर त्याचा उपयोग नाही. हनुवटीखालचा पट्टा सैल नको.

संध्याकाळी पुढे पांढरा आणि मागे तांबडा दिवा हवा. ओंटारियोत सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत दिव्याचा नियम लागू असतो. दिव्यामुळे आपल्याला वाट दिसते हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपण दुसऱ्याला दिसतो.

आणि आता विजेच्या सायकली आल्या आहेत. चढावर दम लागत नाही म्हणून वयस्क लोकही त्या घेतात, आणि ते चांगलेच आहे. ओंटारियोत अशा सायकलची मोटर ५०० वॅटपर्यंतची असू शकते. मोटरच्या जोरावर ती ताशी ३२ किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. चालवणारा किमान सोळा वर्षांचा असावा आणि त्याने हेल्मेट घातलेच पाहिजे. पण लक्षात घ्या, यंत्र ३२ ने जाऊ शकते आणि वाटेची मर्यादा २० आहे. यंत्राला जे शक्य आहे ते प्रत्येक ठिकाणी करायचे नसते. साध्या सायकलवर वेग वाढवायला पाय दुखवावे लागतात, त्यामुळे वेगाची जाणीव राहते. विजेच्या सायकलवर ती जाणीव मुद्दाम ठेवावी लागते.

चालणाऱ्यांनीही ऐकावे

टाळी एका हाताने वाजत नाही. दोष नेहमी सायकलस्वाराचाच असतो असे नाही. बाकावर बसून मी आपल्या पादचारी मंडळींचेही पुष्कळ प्रताप पाहिले. चार मैत्रिणी हातात हात घालून वाटेची सगळी रुंदी अडवून चालतात. कोणी भर वळणावर थांबून फोटो काढतो. कोणी दोन्ही कानांत गाणी लावून जगाला विसरतो. कुत्रा एका कडेला, मालक दुसऱ्या कडेला, आणि मध्ये लांबलचक पट्टा ताणलेला! तो पट्टा सायकलस्वाराला लांबून दिसतही नाही.

म्हणून घरातल्या सर्वांसाठी थोडक्यात सांगतो. उजव्या कडेने चाला आणि दोघांपेक्षा जास्त एका ओळीत चालू नका. थांबायचे असेल तर वाटेवरून खाली उतरून गवतावर थांबा. वळायचे किंवा पलीकडे जायचे असेल तर आधी मान वळवून मागे पाहा, मगच पाऊल उचला. निदान एक कान मोकळा ठेवा. कुत्र्याचा पट्टा आखूड धरा. मुलाचा हात धरा, नाही तर त्याला कडेला ठेवा. आणि कोणी लांबून सभ्यपणे घंटी वाजवली तर रागाने पाहू नका. हात वर करा, ऐकले म्हणून खूण करा. त्या खुणेने सायकलस्वाराचा जीव किती हलका होतो हे मला नंतर कळले.

आपल्या बेटाचे काय?

कोणी म्हणेल, हे सर्व कॅनडातले झाले, आम्हाला काय त्याचे? आपले वाडवडील सायकलवरूनच ऊसमळ्यात कामाला गेले. वाक्वापासून कास्कावेलपर्यंत आपल्या वस्त्यांमधून सायकलच्या मागे पेटी बांधून गरम ढोलपुरी विकणारे किती तरी जणांनी पाहिले असतील. सायकल आपल्याला परकी नाही. परकी आहे ती सामाईक वाट. सायकलींसाठी राखलेले मार्ग आपल्याकडे थोडेच आहेत.

पण काळ बदलतो. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडचेच पाहा. ते बेट आपल्याहून दुपटीपेक्षा मोठे, पण वस्ती आपल्यापेक्षा फार कमी. तिथली आगगाडी १९८९ च्या अखेरीस बंद झाली. लोकांनी रूळ काढले आणि त्या जागी बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालण्याची व सायकलची वाट केली. आपल्याकडेही १८६४ मध्ये आगगाडी सुरू झाली होती. १९५६ मध्ये प्रवाशांसाठी आणि १९६४ मध्ये पूर्णपणे ती बंद पडली. पुढे त्या जुन्या मार्गाच्या काही तुकड्यांवर लोक सकाळ-संध्याकाळ चालू लागले, धावू लागले, मुले सायकल शिकली. २०२० पासून तिथल्या बऱ्याच भागावरून मेट्रो धावते. पुढेमागे आपल्या समुद्रकाठी आणि गावांतूनही सामाईक वाटा होतील. त्या होण्याआधी वाटेचे शिष्टाचार घरात आले तर किती तरी गुडघे वाचतील. आणि तोवर आपल्या अरुंद रस्त्यांवर, जिथे पायवाट संपते आणि चालणारा, सायकलवाला, बस सगळे एकाच डांबरावर येतात, तिथेही नियम तोच: जो जास्त वेगवान, त्याने जास्त सांभाळायचे.

माझा परत निघण्याचा दिवस जवळ आला तेव्हा नातवाने मला आपल्या धाकट्या मित्राची सायकल शिकवणी पाहायला नेले. मित्र सहा वर्षांचा होता. माझा नातू मोठ्या थाटात त्याला सांगत होता, "घंटी लांबून वाजव. मग हळू हो. मग बघ. मग जा. पुढे आजोबा असतील तर आणखी हळू, कारण आजोबा चुकीच्या बाजूला सरकतात."

मी हसलो, पण त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. पुढे चालणारा माणूस नियम चुकेल हे धरूनच मागच्याने यावे. त्याला सगळे नियम पाठ असतील अशा भरवशावर सायकल चालवणारा एक दिवस कोणाला तरी पाडणार.

शेवटच्या सकाळी आम्ही पुन्हा कालव्यावर गेलो. नातू माझ्या उजव्या हाताला, गवताच्या बाजूने चालत होता. मागे लांबून घंटी वाजली. माझा डावा पाय क्षणभर वळवळला, सवय ती! पण मी जागचा हललो नाही. नुसता हात वर केला. एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून सावकाश, पुरेसे अंतर ठेवून आमच्या डावीकडून पुढे गेले आणि मागे न पाहता म्हणाले, "मेर्सी!"

नातवाने माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली. मी परीक्षेत पास झालो होतो.